दक्षिणेकडचं दार

एडिसन शहरातलं घर विकून आम्ही पेन्सिल्व्हेनियातल्या एका डोंगराळ खेड्यात राहायला गेलो, तेव्हा ओळखीतल्या सगळ्यांना वाटलं की माझ्या नवऱ्याचं डोकं फिरलं आणि मी बिचारी त्याच्यामागे फरफटत गेले. खरं म्हणजे ते घर मी पसंत केलं होतं. मागे सफरचंदाची जुनी झाडं होती, स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरची टेकडी दिसायची, आणि सगळी नोकरी हॉस्पिटलच्या तळघरातल्या फार्मसीत ट्यूबलाइटखाली केल्यावर मला एक धड खिडकी हवी होती. नवरा पुलांचा इंजिनियर. नवे पूल बांधण्यात आणि जुने तपासण्यात त्याचा जन्म गेला. "तुला खिडकी, मला शांतता," असं म्हणून त्यानं कागदांवर सही केली.

मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला असते, बायोटेकमध्ये. ती फोनवर इंग्रजीत वैतागली. "आई, तिथे इंडियन ग्रोसरी तरी मिळते का? बी प्रॅक्टिकल! इकडे या, माझ्याजवळ." आम्ही तिला हो-हो म्हटलं आणि आमचंच केलं. महिन्यातून एकदा गाडी काढून एडिसनला, ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत जायचं, डाळी, पोहे, कढीपत्ता, फ्रोझन नारळ डिकीत भरायचा, एखादं नाटक किंवा गणपती असेल तर तो उरकायचा आणि परत डोंगरात यायचं.

गाव म्हणजे एक चौरस्ता. एक चर्च, एक शाळा, सँडविचही विकणारा एक पेट्रोलपंप आणि आगीच्या बंबाचं नि अँब्युलन्सचं स्टेशन. तिथे पगारी माणूस एकही नाही. कोणी सुतार, कोणी दुकानदार, कोणी शाळेत शिकवणारी. कमरेला पेजर लावून सगळे आपापली कामं करत असतात. तो वाजला की हातातलं टाकून स्टेशनकडे धावतात. ही माहिती मला होती, पण टेकडीपलीकडे नदी आहे ही माहिती असावी तशी. तिचा आपल्याशी काही संबंध येईल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी नवरा चहाचा कप घेऊन खिडकीपाशी उभा होता. रात्रभर पडून बर्फ नुकता थांबला होता आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. तो मला काहीतरी सांगायला वळला आणि त्याच्या तोंडून नुसता एक लांबट आवाज आला. कप हातातून निसटला. ओठाची उजवी कड खाली ओघळल्यासारखी दिसली. मी इतकी वर्षं हॉस्पिटलात काढलेली, मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याला जमिनीवर टेकवलं, डोकं मांडीवर घेतलं आणि फोन लावला.

आमचा रस्ता घरापर्यंत चढाचा, तो पूर्ण बुजलेला. आधी आला एक पिकअप ट्रक, पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलेला. त्यातून एक आडवातिडवा माणूस उतरला, दारातच बूट झटकून आत आला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे टेकून बसला. तो त्या दलाचा चीफ. एरवी शाळेची बस चालवतो. त्यानं नवऱ्याचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाला, "सर, मी इथेच आहे. कुठे जात नाही." मधूनमधून तो रेडिओवर काहीतरी खालच्या आवाजात विचारायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. अँब्युलन्स आली ती नंतर. मला वाटलं, बर्फामुळे उशीर झाला.

चौघांनी मिळून त्याला उचललं. शाळेच्या मैदानावर बंब आडवा लावून त्यांनी हेलिकॉप्टरसाठी जागा मोकळी करून ठेवली होती. मी त्या मैदानाच्या कडेला घरातल्या चपलांवर उभी होते. कोणीतरी मागून माझ्या खांद्यावर एक जड कोट टाकला. त्याला धुराचा वास येत होता. तो कोट कोणाचा होता ते मला अजून कळलेलं नाही.

नवरा वाचला. उजवा हात आणि पाय लुळे पडले, ते पुढे थोडेथोडे सुधारले. पण पहिले काही दिवस तो बोलतच नव्हता. मग एकदा मी हॉस्पिटलच्या कँटीनमधून वर आले तर नर्स म्हणाली, "आवाज काढायला लागलेत, पण शब्द नाहीयेत. निरर्थक आहे सगळं. डोन्ट गेट युअर होप्स अप." मी पलंगाजवळ गेले. त्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि घसा खरवडत म्हणाला, "काहून एवढी थंडी आहे बाप्पा इथे?"

मी हसायला लागले आणि मग रडायला. नर्स घाबरली. मी तिला म्हटलं, "निरर्थक नाहीये हो. मराठी आहे. पांघरूण द्या त्याला अजून एक."

तो हिंगणघाटचा. लहानपणी घरात जे बोलायचे ते त्यानं नागपूरला कॉलेजात गेल्यावर झटकलं, पुण्यात माझ्याशी लग्न झाल्यावर तर उरलंसुरलंही गेलं, आणि अमेरिकेत आल्यावर आम्ही दोघं सगळ्यांसारखं अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी बोलत आलो. आता त्याचं इंग्रजी गेलं. समोरचा हळू बोलला तर थोडं समजायचं, पण तोंडातून यायचं नाही. स्पीच थेरपिस्ट चमच्याचं चित्र दाखवून तासभर बसायची, आणि हा शांतपणे म्हणायचा, "चमचा." पुस्तक, घर, कुत्रा, सगळं मराठीत बरोबर. आणि ती मराठीही लग्नानंतरची नव्हे, त्याच्या आईच्या अंगणातली. मी सांगलीची. लग्नाला इतकी वर्षं होऊन मी नवऱ्याला कधी "मले भूक लागली" म्हणताना ऐकलं नव्हतं. आता तो सकाळी उठून विचारायचा, "तू जेवली का? काय करून राहिली?" आणि मला एखाद्या अनोळखी मुलाशी नव्यानं लग्न झाल्यासारखं वाटायचं.

अवघड गेलं ते मुलीला. तिला मराठी समजायचं, पण ती उत्तर इंग्रजीत द्यायची, लहानपणापासूनची सवय. व्हिडिओ कॉलवर ती भरभर बोलायची आणि बाप नुसता हसून मान हलवायचा. एकदा ती गप्प झाली, आणि मग एकेक शब्द शोधत म्हणाली, "बाबा, तू... आज काय खाल्ला?" तो म्हणाला, "खाल्लं म्हणतात बेटा. पोहे खाल्ले." त्या दिवसापासून ती रोज कॉल करायला लागली आणि तो रोज तिच्या चुका काढायला लागला. त्याच्या थेरपीत सगळ्यात उपयोगी काय पडलं असेल तर ते.

बर्फ वितळल्यावर मी बेसनाचे लाडू केले आणि डबा घेऊन स्टेशनवर आभार मानायला गेले. आतून ते पहिल्यांदाच पाहत होते. फार जुन्या, लहान गाड्यांसाठी बांधलेली ती इमारत. आताचा बंब आत घालायचा तर दोन्ही बाजूंचे आरसे दुमडावे लागायचे. बंब आणि भिंत यांच्यामध्ये माणूस आडवा होऊन जेमतेम सरकेल एवढी फट, आणि त्याच भिंतीवर सगळ्यांचे कोट-बूट टांगलेले, गाडीच्या धुरात. छतातून पाणी गळायचं तिथे बादली.

चीफनं लाडू तोंडात टाकला, डोळे मिटून खाल्ला. मग हात पुसून तो एकदम म्हणाला, "मॅम, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीय. त्या सकाळी अँब्युलन्स बर्फामुळे उशिरा आली नाही. आमचं दार उत्तरेकडे आहे. ऊन लागत नाही, छपराचं पाणी खाली गळतं आणि दार तळाशी गोठून चिकटतं. पोरांनी फावड्यांनी बर्फ फोडला तेव्हा ते वर गेलं. मी घरून निघालो म्हणून आधी पोचलो, पण माझ्याजवळ काहीच नव्हतं. नुसता बसून राहिलो."

मी डबा परत घेतला, थँक यू म्हटलं आणि गाडीत येऊन बसले. अशा वेळी एकेक मिनिट म्हणजे काय असतं ते मला नीट माहीत होतं. घरी पोचल्यावरही मी बराच वेळ गाडीतच बसून राहिले. राग येत होता, पण तो कोणावर काढायचा? पेजर वाजल्यावर गरम अंथरुणातून उठून फावडं घेऊन धावलेल्या माणसांवर? त्यानं सांगितलं नसतं तर मला कधी कळलंही नसतं. संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि इंजिनियरसारखं विचारलं, "छपराचा उतार कोणत्या बाजूनं आहे?"

त्या गुरुवारी सकाळची बसची फेरी आटोपून चीफ आमच्या दारात हजर. "सरांना बघायला आलो." मग दर गुरुवारीच यायला लागला. दोघांना एकमेकांचं बोलणं कळायचं नाही. मी बसायचे दुभाषी म्हणून, पण मलाही घरातली कामं असायची. शेवटी मी माळ्यावरचा कॅरम काढला. नवरा डाव्या हातानं खेळायचा, त्यामुळे दोघंही सारखेच अडाणी. काही आठवड्यांत चीफला "राणी" म्हणता यायला लागलं. कव्हर हुकलं की तो कपाळावर हात मारून "अरे बाप्पा!" म्हणायचा, आणि माझा नवरा इतका हसायचा की त्याला पाणी द्यावं लागायचं. सुरुवातीला तो त्या दाराच्या टोचणीमुळे येत असावा. नंतर मात्र त्याला फक्त जिंकायचं होतं.

नव्या स्टेशनासाठी पैसे जमवणं आम्ही यायच्या आधीपासूनच चाललं होतं. सकाळच्या पॅनकेकच्या पंगती, सोडतीची तिकिटं, आणि उन्हाळ्यात दर महिन्याला कोंबडीचा बार्बेक्यू. मी म्हटलं, मलाही काम द्या. "काय येतं तुम्हाला?" "सगळं येतं, फक्त मी मांस खात नाही." त्यावर तिथल्या बायका हसल्या आणि त्यांनी मला थेट भट्टीवरच उभं केलं, कारण तिथे उभं राहायला कोणी तयार नसायचं. आयुष्यात कोंबडीला हात न लावलेली मी, लांब जाळ्यांवर मांडलेल्या शेकडो कोंबड्यांवर फवाऱ्यानं व्हिनेगरचं पाणी उडवत उभी राहिले. डोळ्यांतून धारा लागलेल्या, साडी नव्हे तर जीन्स, तीही राखेनं भरलेली. मुलीला फोटो पाठवला तर तिचा मेसेज आला: "हू इज धिस? व्हॉट हॅव यू डन विथ माय मदर?"

पण कोंबड्या विकून स्टेशन होत नसतं. छप्पर होईल न होईल एवढंच त्यातून जमलं होतं. म्हणून गावच्या कारभाऱ्यांनी ठरवलं की घरपट्टीवर एक लहानसा फायर टॅक्स लावावा, आणि तो लावायचा की नाही हे लोकांच्या मतानं ठरावं. मतदानाआधी शनिवारी दुपारी शाळेच्या जिममध्ये सभा बोलावली. नवरा म्हणाला, "मी येतो." काठी टेकत, माझ्या खांद्याला धरत तो आला आणि मागच्या रांगेत बसला.

आधी चीफ बोलला. गळकं छप्पर, अरुंद जागा, धूर, सगळं सांगितलं. दाराबद्दल एवढंच म्हणाला की हिवाळ्यात ते त्रास देतं. त्या सकाळचा उल्लेखही केला नाही. आम्ही समोर बसलो असताना त्याला ते सहज करता आलं असतं. नंतर मी त्याला विचारलं तर म्हणाला, "ते तुमच्या घरातलं आहे. ते वापरायचा मला काय हक्क?"

मग एक म्हातारा शेतकरी उठला. त्याची दुभती गुरं केव्हाच विकली गेली होती, बायको गेली होती, आणि एकटाच तो त्या मोठ्या घरात राहायचा. डोक्यावरची टोपी काढून तो म्हणाला, "या मुलांविरुद्ध माझा एक शब्द नाही. माझं गवताचं कोठार पेटलं तेव्हा हेच आले होते. पण दर वर्षी 'थोडासाच' म्हणत टॅक्स वाढतो, आणि माझी पेन्शन थोडीसुद्धा वाढत नाही. माझ्याकडे नाहीत पैसे. लाज वाटते सांगायला, पण नाहीत." बऱ्याच माना खाली गेल्या, कारण तसेच तिथे अनेक होते.

माझा नवरा उठून उभा राहिला. मला वाटलं, त्याला बाथरूमला जायचंय. मी हात धरायला गेले तर म्हणाला, "तू सांग त्यांले. मी बोलतो, तू सांग."

आणि तो बोलायला लागला. "मी काय बोलून राहिलो ते तुम्हाले समजत नाही. मलेही तुमचं आता अर्धंच समजते." मी भाषांतर केलं. "पहिले मी इंग्रजी बोलत होतो. चांगली बोलत होतो. ती गेली." मी सांगितलं. "मी आजारी पडलो त्या दिवशी यांचं दार बरफानं धरलं होतं." इथे मी अडखळले. चीफकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता. नवऱ्यानं माझ्या दंडाला हलकासा धक्का दिला. "सांग ना." मी सांगितलं. "या पोरांनी ते फावड्यानं फोडलं. पोरं चांगली आहेत. दार खराब आहे. मी पुलांचं काम करत होतो. पूल खचला तर आपण गाडीवाल्याले दोष देत नाही. पूल दुरुस्त करतो." मग तो त्या म्हाताऱ्याकडे वळला. "तुमच्यापाशी पैसे नाहीत म्हणता, त्यात लाज काहीच नाही. मी मत द्या म्हणून उभा नाही राहिलो. हे लोक आले होते, तेवढं सांगायचं होतं. बस. बसतो मी."

"पोरं" या शब्दाचं मी 'बॉइज' केलं. त्यातले निम्मे पन्नाशीच्या पुढचे आणि काही बायका होत्या. कोणी तक्रार केली नाही.

मला वाटलं, आता ठराव पास होणार. लोक येऊन त्याचा डावा हात हातात घेत होते, काही जण डोळे पुसत होते. मतदान झालं आणि ठराव थोडक्यात पडला.

पुढच्या गुरुवारी चीफ आला, पण खेळात त्याचं लक्ष नव्हतं. सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी असूनही त्यानं घालवली. नवऱ्यानं त्याचा हात थोपटला आणि मला म्हणाला, "त्याले म्हण, जेवून जा." त्या दिवशी चीफ पहिल्यांदा आमच्याकडे वरणभात जेवला.

काही दिवसांनी दारावर थाप पडली. बाहेर तो म्हातारा शेतकरी, टोपी हातात.

"मी विरोधात मत दिलं," तो उभ्याउभ्याच म्हणाला.

"मला वाटलंच होतं. आत या ना."

"पुन्हा मतदान झालं तर पुन्हा तेच देईन."

"बरं. चहा घेणार?"

तो आत आला. चहाचा घोट घेऊन म्हणाला, "फार गोड आहे हा," आणि सगळा प्यायला. नवऱ्याकडे न बघता मला म्हणाला, "त्यांना सांगा, माझ्याकडे खोदकामाचं यंत्र आहे. जुनं आहे, पण चालतं. शेताच्या टोकाला खडीची खाण आहे. पैसे मागाल तर नाहीत. पाया खणून देईन, खडी टाकून देईन. मला विचारलंच नाही कोणी. सगळे पैसेच मागत होते."

मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं काठी बाजूला ठेवली, तो उठून दोन पावलं आपला आपण चालला आणि त्यानं म्हाताऱ्याच्या गळ्यात हात टाकला. म्हातारा काठीसारखा ताठ उभा राहिला. मग त्यानंही एक हात हळूच नवऱ्याच्या पाठीवर ठेवला.

त्याची बातमी पेट्रोलपंपावर पोचली आणि तिथून सगळीकडे. लाकडाची गिरणी असलेल्या एकानं फळ्या कापून द्यायचं कबूल केलं. कोणी वायरिंगचं काम घेतलं, काँक्रीटवाल्यानं स्वतःचा नफा सोडला. ज्यांनी टॅक्सला नाही म्हटलं होतं त्यांतले बरेच जण या ना त्या कामाला पुढे आले. आधी ठरवलेली विटांची मोठी इमारत बाजूला पडली आणि पत्र्याची साधी, पण ऐसपैस शेड ठरली. सरकारचं खेड्यांसाठी असलेलं स्वस्त कर्ज मिळालं, राज्याकडून थोडी मदत आली, आणि उरलेल्यासाठी मी पुन्हा भट्टीवर उभी राहिले. आता मला जाळी कधी उलटायची हे नुसत्या वासावरून कळायचं.

नकाशा आला तेव्हा चीफनं तो आमच्याकडे आणला आणि कॅरमवर पसरला. नवऱ्यानं डाव्या हातात पेन्सिल घेतली. रेघ थरथरत होती, पण तिला काय म्हणायचंय ते तिला माहीत होतं. त्यानं गाड्यांची दारं उत्तरेकडून खोडली आणि दक्षिणेला काढली. छपराचा उतार फिरवला. चीफ नकाशावर वाकला आणि ओरडला, "ऊन! दारावर ऊन येईल!"

मी आपली चेष्टेनं म्हटलं, "दक्षिणेला दार? आपल्याकडे कोणी ठेवेल का? ती यमाची दिशा."

नवऱ्यानं पेन्सिल खाली न ठेवताच उत्तर दिलं, "मग बरोबरच आहे ना. त्याच्याच तोंडावर जायचं आहे यांले."

मी चीफसाठी याचं भाषांतर करायचा प्रयत्न केला. यम कोण, दिशा कुठून आली, हे सगळं सांगता सांगता बराच वेळ गेला. ऐकून तो हसला नाही. नकाशा गुंडाळताना म्हणाला, "हे मी माझ्या लोकांना सांगणार आहे." ज्या इंजिनियरच्या सहीनं काम होणार होतं, त्यालाही बदल पटला.

पाया खणायला लागले तेव्हा मी नवऱ्याला रोज तिथे नेऊन खुर्चीवर बसवायचे. म्हातारा यंत्रावर, हा खुर्चीवर. हा हातानं खूण करायचा, अजून खाली, अजून थोडं. तो मान हलवायचा. एकाला फक्त मराठी येणार, दुसऱ्याला फक्त इंग्रजी, आणि दोघांनाही थोडं कमी ऐकू येणार. दुपारी मी दोघांना डबा न्यायचे. म्हाताऱ्याला थालीपीठ आवडायला लागलं, पण तो त्याला शेवटपर्यंत पॅनकेकच म्हणत राहिला.

उद्घाटन झालं ते वसंतात. मुलगी बॉथेलहून आली. भाषणं झाली नाहीत. चीफला ती आवडत नाहीत. त्यांच्यात एक जुनी रीत आहे: नवीन जागेत बंब इंजिन चालू करून न्यायचा नाही, धुऊन-पुसून सगळ्यांनी हातानं ढकलत आत न्यायचा. पूर्वी घोडे सोडल्यावर गाडी तशीच ढकलावी लागायची, त्याची ती आठवण. ड्रायव्हरच्या जागी बसलेल्या बाईनं ब्रेक सोडला आणि सारा गाव बंबाला लागला. लहान मुलं, चर्चमधल्या आज्या, टॅक्सला हो म्हणणारे आणि नाही म्हणणारे. माझ्या नवऱ्यानं डावा तळवा त्या लाल पत्र्यावर ठेवला. मुलीनं त्याला मागून कमरेला धरलं होतं. "बाबा, जोर नको लावू, पडशील," ती म्हणाली. वाक्य अगदी बिनचूक होतं, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही. बाप म्हणाला, "लावू दे ना थोडा." बंब हळूहळू, काही आवाज न करता, नव्या काँक्रीटवरून आत गेला.

मग जेवणं. लांब टेबलं लावली होती. कोंबडी होती, मक्याची कणसं होती, आणि माझ्या हातचा मोठं पातेलंभर मसालेभात होता. अर्धी पानं वाढून झाली असतील नसतील, तेवढ्यात सगळ्यांच्या कमरेचे पेजर एकदम वाजले. खुर्च्या मागे सरकल्या. कोट चढले, दार सरसर वर गेलं, बंब निघाला. टेबलाशी राहिलो आम्ही उरलेले: बायका, नवरे, मुलं, म्हातारा शेतकरी. चीफच्या बायकोनं प्लेट्सवर फॉइल लावायला सुरुवात केली. सवयीचं काम होतं तिचं. मी आणि माझी मुलगी तिच्या मदतीला लागलो.

नवरा त्या रिकाम्या, उजेडानं भरलेल्या जागेकडे बघत बसला होता. म्हातारा त्याच्या शेजारी येऊन बसला आणि त्यानं स्वतःची प्लेट दोघांच्या मध्ये ठेवली.

नदीजवळच्या वळणावर कोणाची तरी गाडी खड्ड्यात गेली होती. कोणाला फारसं लागलं नव्हतं. ते सगळे परत आले तेव्हा मसालेभात गार झाला होता. मी तो पुन्हा गरम केला आणि सगळ्यांना वाढला.